हल्ली ते खूप शांत असतात, हे बरंच ना?

पत्र, थोडं कापून:

‘ताई, माझ्या मिस्टरांना तीन वर्षांपूर्वी हंटिंग्टन (मेंदूचा आनुवंशिक आजार, यात हातपाय आपोआप हलत राहतात) निघाला, ते ४७ चे आहेत, मी ४३ ची. सासऱ्यांनाही तेच असणार पण त्यांच्या वेळी कोणाला कळलंच नाही, गल्लीत लोक दारुडा म्हणायचे आणि त्यांनी आयुष्यात कधी घेतली नव्हती. मिस्टरांना दहा महिने टेट्राबेनाझीन चालू आहे, २५ ची सकाळ-संध्याकाळ. हातापायांचे झटके खूप कमी झालेत, वरण-भात आपल्या हाताने खातात. आता अमेरिकेतले दीर म्हणतात तिकडे नवीन कॅप्सूल आलीय, दिवसातून एकच, तिचा लाँग टर्म सेफ्टी स्टडी पण झालाय, पुढच्या महिन्यात येताना घेऊन येतो. सासूबाई म्हणतात इंग्लिश औषधं आतून पोखरतात, त्या दीड महिन्यापासून रात्री झोपेसाठी त्यांना सर्पगंधाची गोळी देतात, ती आयुर्वेदिक आहे. मला एवढंच विचारायचंय की अशी औषधं वर्षानुवर्षं घेतली तर काय होतं हे नक्की कोण तपासतं? का आपल्यावरच प्रयोग चाललाय? बाकी ठीक. हल्ली ते खूप शांत असतात, चिडचिड नाही, तासन्तास गॅलरीत बसून असतात, तेवढी एक गोष्ट बरी झाली. – एक वाचक, सिंहगड रोड’

अगं, मी साठी ओलांडलेली, तेव्हा सरळ अगंतुगंच करते, चालवून घे.

पहिलं काम सर्पगंधाच्या गोळीचं. हे वाचून संपायची वाट बघू नकोस, आत्ता ऊठ, ती बाटली आणि टेट्राबेनाझीनची स्ट्रिप शेजारी शेजारी ठेवून फोटो काढ, न्यूरॉलॉजिस्टना पाठव आणि नुसता पाठवून थांबू नकोस, फोन लाव. त्यांच्याशी बोलणं होईपर्यंत सर्पगंधा देऊ नका, आणि टेट्राबेनाझीनच्या डोसला आपल्या मनाने हात लावू नका, ना कमी ना जास्त. मध्येच जोराचा ताप आला, अंग लाकडासारखं कडक झालं, बोलणं असंबद्ध वाटायला लागलं तर फोनबिन नाही, थेट कॅज्युअल्टी.

आता का ते सांगते. मेंदूच्या पेशीत डोपामिन नावाचं रसायन तयार होतं ते छोट्या छोट्या पिशव्यांत भरून ठेवतात आणि लागेल तसं बाहेर सोडतात. हे भरायचं काम करणारं एक प्रोटीन आहे, व्हीमॅट-टू नावाचं, त्याला तू आपल्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डातला हमाल समज. हंटिंग्टनमधल्या नको त्या हालचाली, डॉक्टर ज्याला कोरिया म्हणतात, त्या डोपामिनचा जोर उतरवला की उतरतात, म्हणून टेट्राबेनाझीन या हमालाला बसवून ठेवतं, पोती भरलीच जात नाहीत, माल उघड्यावर पडून खराब होतो. आणि सर्पगंधाच्या मुळीत रिसर्पिन नावाचं द्रव्य असतं, ते पण नेमका ह्याच हमालाचा हात धरतं, फक्त एकदा धरला की लवकर सोडत नाही. अमेरिकेतल्या टेट्राबेनाझीनच्या लेबलवर सरळ लिहिलंय की रिसर्पिनबरोबर हे द्यायचं नाही, आणि रिसर्पिन बंद केल्यावर निदान २० दिवस गेल्याशिवाय सुरू करायचं नाही. तुमच्याकडे दोन्ही एकदम चालूच आहेत, तेव्हा आता पुढे काय आणि कसं हे डॉक्टरच ठरवतील, माझ्याकडून किंवा गुगलवरून नाही ठरायचं.

आणखी एक म्हणजे तो हमाल फक्त डोपामिनची पोती उचलत नाही, सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनलिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनांची पण तोच उचलतो, त्यामुळे हालचाल उतरते तसा मूडही उतरू शकतो. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

सासूबाईंवर ओरडू नकोस मात्र. सर्पगंधा म्हणजे काही भोंदूबाबाचा अंगारा नाही, मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये ब्लडप्रेशरसाठीचा तिचा अनुभव छापला आणि मग सगळं जग तिच्या मागे लागलं. पुढे रिसर्पिनवर काही पेशंट उदास होतात अशा नोंदी यायला लागल्या, त्यात किती खरं किती योगायोग यावर अजून वाद आहेत. टेट्राबेनाझीन सुद्धा १९५० च्या दशकात रिसर्पिनसारखं काम करणारं पण सोपं रसायन शोधता शोधताच सापडलेलं. म्हणजे सासूबाईंची गोळी आणि डॉक्टरांची गोळी तशा नात्यातल्याच, आणि नात्यातले म्हणून एका घरात नांदतीलच असं नाही, हे तुला मी काय सांगू! त्यांना एवढंच सांग की आई, तुमच्या गोळीत दम आहे म्हणूनच ती यांच्या गोळीवर चालत नाही. हे त्या ऐकतील, ‘आयुर्वेदिक म्हणजे बिनधोक’ यावर वाद घातलास तर आठवडाभर घरात कोणी कोणाशी बोलणार नाही.

आता तुझ्या पत्राची शेवटची ओळ. तू ती जाता जाता लिहिलीस आणि मी तिथेच अडकले.

टेट्राबेनाझीनला अमेरिकेत हंटिंग्टनच्या कोरियासाठी २००८ मध्ये परवानगी मिळाली, ज्या ट्रायलवर मुख्य भिस्त होती तिच्यात ८४ पेशंट होते आणि ती १२ आठवडे चालली. ५४ जणांना खरं औषध, ३० जणांना दिसायला अगदी तशीच पण आत औषध नसलेली गोळी. हालचाली कमी झाल्या, छानच झाल्या. पण औषधवाल्या ५४ पैकी १० जणांना नैराश्य आलं किंवा आधीचं वाढलं, आणि नुसत्या गोळीवाल्या ३० पैकी एकालाही नाही. सगळ्या अभ्यासांतले मिळून १८७ पेशंट धरले तर एकाने आत्महत्या केली, एकाने प्रयत्न केला आणि सहा जणांच्या मनात तसे विचार आले. म्हणून तिथे या औषधाच्या माहितीपत्रकात अगदी वर चौकट टाकून नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांचा इशारा दिलेला असतो. हंटिंग्टन स्वतःही हेच करतो, औषधाशिवायही, त्यामुळे दोन्हीकडून मार.

तुला घाबरवायला नाही सांगत. ते नुसते शांत असतीलही. पण या आजारात शांत होण्याचे तीन-चार प्रकार आहेत आणि लांबून सगळे सारखेच दिसतात. एक म्हणजे खरंच बरं वाटतंय, झटके कमी झाले, जीव थंडावला. दुसरं, मन खचलंय. तिसरं, आजारामुळेच कशात रसच उरत नाही, दुःख नाही आनंद नाही, नुसतं बसून राहणं. आणि चौथं, औषध जास्त होतंय, हमाल फारच बसवून ठेवला तर माणूस पार्किन्सनसारखा होतो, चेहरा कोरा, पावलं लहान, खुर्चीतून उठायला वेळ, नाहीतर दिवसभर नुसती गुंगी. सर्पगंधा त्यात भर घालत असणार अशी मला दाट शंका आहे. गॅलरीत बसून ते खाली बघतात का, रिक्षावाल्यांची भांडणं ऐकून हसतात का, मॅच लावली तर स्कोअर विचारतात का, चहा समोर ठेवला की आपणहून उचलतात का तू सांगितल्यावर, हे बघ. आणि सरळ विचार त्यांना, ‘जगणं नकोसं वाटतं का कधी?’ असं विचारल्याने कोणाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, उलट बऱ्याच जणांना वाटतं चला, कोणीतरी विचारलं एकदाचं. उत्तर हो आलं, किंवा हो-नाहीच्या मधलं काही आलं, तर त्यांना एकटं सोडू नकोस, सगळ्या गोळ्या कुलपात ठेव, त्याच दिवशी डॉक्टरांना कळव. रात्री-अपरात्री कोणी भेटलं नाही तर टेली-मानसचा १४४१६ आहे, २४ तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

आणि डॉक्टरांनी डिप्रेशनचं औषध द्यायचं म्हटलं तर ते देताना टेट्राबेनाझीनची आठवण करून दे, विशेषतः डॉक्टर दुसरे असतील तर. फ्लुऑक्सेटिन, पॅरॉक्सेटिन ही औषधं लिव्हरमधलं जे एन्झाइम टेट्राबेनाझीनची विल्हेवाट लावतं त्यालाच अडवतात, मग तोच डोस अंगात दुप्पट असल्यासारखा वागतो. म्हणून ती चालू असतील तर टेट्राबेनाझीन दिवसाला ५० मिलिग्रॅमच्या वर न्यायचं नाही असं लेबल सांगतं. तुझे मिस्टर आत्ताच ५० वर आहेत.

आता तुझा खरा प्रश्न, कोण तपासतं. मी बावीस वर्षं ट्रायल को-ऑर्डिनेटर होते, पुण्यातच, म्हणजे फाइल घेऊन पेशंटच्या मागे फिरणारी बाई. त्यामुळे हे मला आतून माहीत आहे आणि थोडं लाजही वाटेल असं सांगणार आहे.

औषध बाजारात यायच्या आधी जी ट्रायल होते ती बहुतेक वेळा लहान आणि थोड्या दिवसांची असते, आणि आजार दुर्मिळ असला की आणखीच लहान, पेशंटच मिळत नाहीत ना. तुझ्या दिरांच्या कॅप्सूलचंच बघ, व्हॅल्बेनाझीन असणार ती, पण डब्यावरचं नाव त्यांना विचार, कारण त्याच घराण्यातली आणखी एक गोळी आहे, ड्युटेट्राबेनाझीन, २०१७ ची. व्हॅल्बेनाझीनला हंटिंग्टनसाठी ऑगस्ट २०२३ मध्ये तिकडे परवानगी मिळाली. कायनेक्ट-एचडी नावाची ट्रायल, १२८ लोक, १२ आठवडे. कोरिया मोजायला शून्य ते २८ अशी पट्टी असते, औषधवाल्यांचा स्कोअर ४.६ ने उतरला, नुसत्या गोळीवाल्यांचा १.४ ने. चांगलं आहे. पण १२८ माणसांत हजारात एकाला होणारा त्रास दिसणार कसा? आमच्यात एक ढोबळ हिशोब सांगायचे, ३०० लोकांत एखादी गोष्ट एकालाही झाली नाही तरी ती १०० त एकाला होत नाही एवढंच तुम्ही जरा खात्रीने म्हणू शकता, त्यापुढे नाही. इथे ३०० पण नाहीत.

म्हणून मग तेच पेशंट पुढे वर्ष-दोन वर्षं औषधावर ठेवतात आणि दर काही आठवड्यांनी बोलावून बघतात, तो तुझ्या दिरांचा ‘लाँग टर्म सेफ्टी स्टडी’. त्यात आता नुसत्या गोळीवाला गट नसतो, सगळ्यांना खरं औषध, आणि सगळ्यांना ते माहीतही असतं. याला माझा विरोध नाही, वर्षभर कोणाला खोटी गोळी देत बसणं बरोबर नाही. पण त्याने काय होतं ते टेट्राबेनाझीनच्याच आकड्यात दिसतं. १२ आठवड्यांत ५४ पैकी १० म्हणजे साधारण १९ टक्के लोकांना नैराश्य, आणि पुढे ४८ आणि ८० आठवड्यांपर्यंत चाललेल्या दोन उघड अभ्यासांत तेच ३५ टक्के. आता हे ३५ औषधामुळे का आजार पुढे सरकला म्हणून का नुसते दिवस जास्त मोजले म्हणून? तुलनेला समोर कोणी नाही, त्यामुळे हात वर. पडण्याचं तसंच, गिळताना ठसका लागण्याचं तसंच. जो आजार दरवर्षी स्वतःच एक पायरी खाली उतरतो, त्यात औषधाने ढकललं का तो आपला उतरला हे सांगणं फार अवघड. शिवाय ज्यांना झेपलं नाही ते अभ्यासातून गळतात, शेवटी उरतात ते झेपलेले, मग शेवटचा आकडा गोड दिसतो. आणि ज्यांचं डिप्रेशन आधीच गंभीर आहे त्यांना बहुतेक ट्रायल्स मुळात आत घेतच नाहीत.

मग यावर उपाय म्हणून औषधाशी संबंध न ठेवता नुसती माणसं वर्षानुवर्षं बघायची. एन्रोल-एचडी नावाचा असा एक अभ्यास २०१२ पासून चालू आहे, वीस हजारांहून जास्त लोक दरवर्षी जाऊन तपासून येतात, बऱ्याच देशांतले. औषध घेणारे, न घेणारे, जीन असून अजून काहीच न झालेले, असे सगळे. त्याच्याशी ताडून बघता येतं थोडंफार. पण तिथेही औषध ज्याला जास्त त्रास त्यालाच दिलेलं असतं, म्हणजे तुलना परत तिरकीच. सोपं काही नाही यात.

आता लाजेची गोष्ट. एका दुसऱ्याच आजाराच्या औषधाचा असाच लांबलेला अभ्यास होता, पेशंट बारामतीकडचे, नवरा-बायको पहाटेच्या एसटीने यायचे. बाराव्या की तेराव्या व्हिजिटला मी विचारलं, काही त्रास? बाई म्हणाल्या, ‘काही नाही हो मॅडम, आता तर किती शांत झालेत.’ त्यांची दुपारची गाडी चुकत होती आणि माझ्यामागे अजून चार पेशंट बसले होते. मी ‘तक्रार नाही’ला टिक केली. पुढच्या व्हिजिटला मुलगी बरोबर आली तेव्हा कळलं की बाबा तीन महिने जेवणाच्या ताटावरून उठून जातात, कपडे ढगळ झालेत, शेतावर जाणं सोडलंय. वजनाचा आकडा माझ्याच फाइलमध्ये होता, चार किलो कमी, मीच लिहिलेला! ते पुढे नीट झाले, औषध बदललं. पण त्या टिकेचं काय झालं असेल? ती पण कुठल्यातरी टेबलमध्ये जाऊन बसली असती, ‘अमुक टक्के पेशंटना कोणताही त्रास नाही’. आम्ही दुरुस्ती करून पाठवली म्हणून नाही बसली. लाँग टर्म सेफ्टी म्हणजे शेवटी अशा टिकांचा ढीग गं, आणि ती टिक कोणीतरी बाई घाईत करत असते.

प्रयोग चाललाय का, तर नाही. तुझे मिस्टर ट्रायलमध्ये नाहीत, टेट्राबेनाझीन आपल्याकडे केमिस्टकडे मिळणारं नेहमीचं औषध आहे. ट्रायलमध्ये असते तर तुम्हाला समजावून सह्या घेतल्या असत्या, आणि २०१९ चे नियम बरेच कडक आहेत, गंभीर काही झालं तर ट्रायलच्या डॉक्टरांनी ते २४ तासांत वर कळवायचं असतं, ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई द्यावी लागते. पण ट्रायलबाहेरच्या पेशंटकडे कोणी फाइल घेऊन येत नाही, तिथे को-ऑर्डिनेटर तूच. औषधाचा त्रास तू स्वतः सरकारला कळवू शकतेस, फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम म्हणून आहे, २०१० पासून चालू आहे, टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४, पेशंटसाठीचा फॉर्म मराठीतही आहे. सर्पगंधा आणि टेट्राबेनाझीन एकत्र दिलं गेलं आणि नंतर असं असं झालं, ही नोंद तिथे गेली तर मला बरं वाटेल.

दिरांना सांग, आणू नका. निदान न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय नको. कॅप्सूल वाईट म्हणून नाही, दिवसातून एक घ्यायची हा फायदा मोठाच आहे, पण ती पण त्याच हमालाला धरणारी, टेट्राबेनाझीनच्या जोडीला अजिबात घ्यायची नाही, आणि तीच नैराश्याची चौकट तिच्याही माहितीपत्रकावर आहे. आणि बॅगेतून आणलेली संपली की पुढे काय? तोवर टेट्राबेनाझीन बंद असणार, आणि पाच दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर ते परत खालच्या डोसपासून चढवत आणावं लागतं, म्हणजे काही आठवडे इकडे नाही तिकडे नाही. त्यापेक्षा दिरांना म्हणावं तेवढ्या पैशात एकदा आठवडाभर जास्त राहा आणि भावाबरोबर गॅलरीत बसा.

आता कालनिर्णय काढ. दुधाचे खाडे मांडतेस ना त्याच्यावर, तसंच. रोजच्या चौकटीत चार बारक्या खुणा पुरेत, गोळीचा खाडा झाला का, रात्री किती झोपले, ठसका किंवा पडणं झालं का, आणि आपणहून किती वेळा बोलले. चौथी सगळ्यात महत्त्वाची, ती तूच मोज, सासूबाईंना सांगू नकोस, त्या ‘हं’ला पण बोलणं धरतील. महिन्याच्या एक तारखेला वजन, त्याच काट्यावर, सकाळी चहाआधी. महिन्यातून एकदा फोनवर एक मिनिटाचा व्हिडिओ, खुर्चीतून उठून दारापर्यंत जाऊन परत येताना. आणि औषध चालू व्हायच्या आधीचा कुठला व्हिडिओ असेल तर शोधून ठेव, गणपतीतला, बारशातला, कुठलाही, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो कारण त्यांनी तुझा नवरा आधी कसा हसायचा हे बघितलेलंच नाही. पुढच्या अपॉइंटमेंटला पान फाडून घेऊन जा. डॉक्टरांना वेळ नसला तरी पान टेबलावर ठेव, बघतात.

मुलांचं तू काही लिहिलं नाहीस, असतील तर ते वेगळं पत्र लिही, त्यात घाई करू नकोस आणि त्यांची टेस्ट वगैरे कोणी सुचवली तर आधी जेनेटिक काउन्सेलर, मग बाकी सगळं.

फोन लावलास का? नसेल तर आधी तो. आणि लागला की त्यांना पहिलं वाक्य ‘झटके कमी झालेत’ असं सांगू नकोस, ते त्यांना आनंदाने ऐकायचंच असतं आणि मग पुढचं ऐकणं राहून जातं. ‘हल्ली बोलत नाहीत आणि सर्पगंधा चालू होती’ इथून सुरू कर.